कालमुर्झाचा गुडघा

कालमुर्झाने काठी बर्फात रोवली, उजवा पाय जरासा पुढे टाकला आणि वाकून गुडघा चोळायला सुरुवात केली.

त्याच्या मागे नागमोडी चढावर पाच नॉर्वेजियन पाहुणे एकामागोमाग थांबले. पाचही जण उंच, पाचही जण लाल गालांचे, आणि पाचांपैकी कुणालाही अजून दम लागलेला नव्हता. ही गोष्ट कालमुर्झाला सकाळपासून खुपत होती. रांगेच्या शेवटी कालमुर्झाची जोडीदार वाटाड्या ऊलकान होती. तिने मान बाजूला काढून वर पाहिलं. कालमुर्झाचा हात गुडघ्यावर दिसताच तिने आपल्या स्कीच्या तळाला चिकटवलेली कातडी सोलून काढली. कातडी असली की चढता येतं. काढली की फक्त उतरता येतं. म्हणजे तिच्यापुरता निर्णय झाला होता.

गुडघा हे तेरेक-सू गावाच्या वाटाड्यांचं सर्वांत जुनं आणि सर्वांत भरवशाचं उपकरण होतं. खाण बंद पडली तेव्हा गावातल्या पुरुषांपुढे दोन रस्ते होते: मॉस्कोला जाऊन रस्ते झाडायचे, नाहीतर घरी बसून प्यायची. तिसरा रस्ता एका फ्रेंच माणसाने आणला. तो हरवून गावात आला होता. बर्फ पाहून रडला, आणि पुढच्या हिवाळ्यात मित्रांना घेऊन परत आला. ज्या बर्फाने तेरेक-सूची छपरं मोडली, मेंढ्या मारल्या आणि दर वर्षी चार महिने रस्ता बंद पाडला, त्याच्यासाठी माणसं विमानाने येऊ शकतात, हे गावाला पटायला तीन हिवाळे लागले. पटल्यावर मात्र बर्फाचं आदरातिथ्य सुरू झालं.

गुडघा आला पंधरा वर्षांपूर्वी. झ्युरिकचा एक बँकवाला उताराच्या मध्यावर उभा राहून अर्धा तास वाद घालत होता. त्याने हिमस्खलनावरचं पुस्तक वाचलेलं होतं. कालमुर्झाने हिमस्खलनाखालून दोन माणसं खणून काढली होती. पण त्याच्याकडे इंग्रजीचे चाळीसच शब्द होते आणि त्यातले बरेचसे खाण्यापिण्याचे. शब्द संपले तेव्हा तो बर्फात बसला आणि त्याने गुडघा धरला. बँकवाल्याचा चेहरा एकदम निवळला. त्याने स्वतःच्या बाटलीतला चहा दिला, खांद्यावर हात ठेवला आणि मुकाट्याने खाली उतरला.

तेव्हापासून ही रीतच पडली. धोका आहे म्हटलं की पाहुणे पुरावा मागत. गुडघा दुखतोय म्हटलं की पाहुणे बाटली पुढे करत. पुढचा वाटाड्या लंगडला की मागच्याने काही विचारायचं नाही, मागे फिरायचं. काय दिसलं, कुठला थर कच्चा आहे, हे नंतर आपल्या भाषेत. पाहुण्यांसाठी गुडघा, आपसात खरं.

फक्त रिसबेकला हे सांगितलेलं नव्हतं. रिसबेक मालक. घरं त्याची, स्वयंपाकीण त्याची, विमानतळावरून पाहुणे आणणारी गाडीही त्याची. त्याला कळलेली कुठलीही गोष्ट आठवड्याच्या आत वेबसाइटवर फोटोसकट येत असे.

त्यामुळे रिसबेककडे फक्त पाहुण्यांचे अभिप्राय होते. ते त्याने महिन्याभरापूर्वी कालमुर्झाला फोनवरून वाचून दाखवले होते, म्हणजे समोर बसून, पण नजर फोनमध्ये ठेवून. "डोंगर अप्रतिम. सूप अप्रतिम. वाटाड्या फार प्रेमळ, पण वयस्कर, गुडघ्याचा त्रास." असे अकरा. मग फोनकडेच बघत तो म्हणाला होता, "आके, राग मानू नका. अजून एकदा गुडघा झाला, तर पुढच्या हिवाळ्यापासून तुम्ही घोडे आणि चूल बघा." ज्याला आदराने 'आके' म्हणायचं, त्या वडीलधाऱ्याला असं तोंडावर बोलायची तेरेक-सूत पद्धत नाही. फोन सोयीचा पडतो.

ऊलकानला हे माहीत होतं. म्हणूनच ती घाईने वर आली.

"कच्चा थर किती खोल?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

कालमुर्झा उत्तर द्यायच्या स्थितीत नव्हता. वळणावर वरची स्की उचलून फिरवताना गुडघ्याच्या आत काहीतरी सुटलं होतं, लाकडी कपाटाचा खण रुळावरून सुटावा तसं. बर्फ छान होता. सकाळी त्याने स्वतः छातीइतका खड्डा खणून थर न् थर बोटांनी दाबून पाहिला होता.

"हातभर," तो म्हणाला.

शब्द सहज निघाला. इतका सहज, की त्याचं त्यालाच बरं वाटलं नाही.

ऊलकानने त्याच्या कपाळाकडे पाहिलं. उणे चौदा अंशांत त्याला घाम फुटला होता. तिने वरच्या पांढऱ्या, गुळगुळीत उताराकडे पाहिलं, आणि तिचाही चेहरा उतरला. चूल आणि घोडे डोळ्यांसमोर असूनही हा माणूस बसला. म्हणजे वर काय असेल!

"मंडळी," ती पाहुण्यांकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "आमच्या आकेंचा गुडघा."

पाचही नॉर्वेजियनांनी एकाच वेळी बाटल्या काढल्या.

पाचांपैकी एक हाडांचा डॉक्टर निघाला. त्याचं नाव ओडवार. गेल्या पंधरा वर्षांत बँकवाले आले, वकील आले, एक पाद्रीही आला होता. पण हाडांचा डॉक्टर येईल, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. खाली पोचताच त्याने जेवणाच्या खोलीतलं टेबल रिकामं करायला लावलं. तळलेल्या बोर्सोकची परात आणि जर्दाळूच्या मुरंब्याच्या वाट्या खिडकीत गेल्या, आणि त्या जागी कालमुर्झा.

"त्यांना विचारा, इथे दुखतं का?" ओडवारने अंगठा रोवला.

ऊलकानने विचारायच्या आत कालमुर्झाने टेबलाची कड पकडली.

"आणि असं वळवल्यावर?"

यावर कालमुर्झाने आईला हाक मारली. ती जाऊन बावीस वर्षं झाली होती.

ऊलकानने ओठ दाताखाली धरले आणि खिडकीबाहेर पाहिलं. डॉक्टर बराच वेळ गुडघा हलवत, दाबत, कान लावून ऐकत राहिला. मग सरळ उभा राहून हळू आवाजात पुष्कळ बोलला.

"काय म्हणतोय?" कालमुर्झाने विचारलं.

"म्हणतोय, आतली गादी फाटलीये. हाडावर हाड घासतंय. हे आजचं नाही, बऱ्याच महिन्यांचं आहे. शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि झाली तरी डोंगर बंद." ऊलकानने हे सगळं बातम्या वाचतात तशा चेहऱ्याने सांगितलं. मग त्याच चेहऱ्याने, त्याच सुरात, आपल्या भाषेत पुढे म्हणाली, "आके, धन्य आहे तुमची. डॉक्टरलाही खिशात घातलंत!"

"ऊलकान, तो खरं..."

"आईला हाक मारलीत तेव्हा तर मला वाटलं, मी आता फुटते."

ओडवारने आपल्या बॅगेतून गोळ्यांची अख्खी पाकिटं काढून कालमुर्झाच्या हातात ठेवली आणि त्याची मूठ घट्ट मिटवली. डॉक्टरच्या डोळ्यांत पाणी होतं. ऊलकानने ते पाहिलं आणि तिला खोलीबाहेर जावं लागलं.

ती गेली ती थेट रिसबेककडे. अंगणात गाडीच्या पुढच्या चाकांना साखळ्या लावत तो ओणवा बसला होता. कालमुर्झाला खिडकीतून दोघं दिसत होती. ऊलकान उभी राहून बोलत होती, हात डोंगराकडे, हात गुडघ्याकडे. रिसबेकने आधी मान हलवली. मग साखळी खाली ठेवली. मग हातमोजे काढले. मग त्याने घराकडे, बरोबर या खिडकीकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा असा झाला, जसा कालमुर्झाने तो फक्त एकदा पाहिला होता, रिसबेकला पहिला मुलगा झाला तेव्हा.

कालमुर्झा टेबलावरून उतरायला गेला. उतरता आलं नाही. तो पुन्हा बसला.

संध्याकाळच्या जेवणाला रिसबेकने त्याला दंडाला धरून दारासमोरच्या मानाच्या जागी नेऊन बसवलं. तिथे एरवी पाहुणे बसत.

"पंधरा वर्षं," रिसबेक कानाशी म्हणाला. "पंधरा वर्षं तुम्ही स्वतःचं नाव खराब करून घेत होता, आणि मी मूर्ख... मी तुम्हाला चूल दाखवली!"

"रिसबेक, ऐक. आज जे झालं ना..."

"ऊलकानने सगळं सांगितलंय. आके, गप्प बसा. तुम्ही बोललात तर मी रडेन, पाहुणे बघतायत." त्याने सर्वांत मोठं मांसाचं हाड स्वतःच्या हाताने कालमुर्झाच्या ताटात ठेवलं. "पुढच्या हिवाळ्यापासून सगळ्या वाटाड्यांचे प्रमुख तुम्ही. आणि काळजी करू नका, हे मी कुणाला सांगणार नाही. वेबसाइटवर अगदी छोटंसं. एकच फोटो."

कालमुर्झाने हाड उचललं. त्याला भूक नव्हती. पण हातात हाड असलं की माणसाला लगेच बोलावं लागत नाही. तो सत्तावन्न वर्षांचा होता. वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून तो आधी खाणीत गुडघ्यांवर रांगला होता आणि मग डोंगरावर गुडघे वाकवून उतरला होता. कुणी त्याला प्रमुख म्हटल्याचं त्याला आठवत नव्हतं. शब्द ऐकायला बरा वाटत होता. त्यात चूल नव्हती.

पलीकडे, स्की ठेवायच्या खोलीच्या उघड्या दारातून दिसणाऱ्या फळ्यावर ऊलकान खडूने सकाळचा उतार लिहीत होती. काशका-बेल: बंद. ती क्षणभर थांबली, आणि तिने त्याखाली त्याच उंचीवरचे, उत्तरेकडे तोंड असलेले आणखी तीन उतार लिहिले. बंद. बंद. बंद.

सकाळची बैठक स्की ठेवायच्या खोलीत होत असे, जमिनीवर घातलेल्या गाद्यांवर, चहाच्या किटलीभोवती. वयाने लहान असेल त्याने आधी बोलायचं, ही पद्धत वाटाड्यांनीच पाडली होती. कारण मोठा आधी बोलला की लहान माणूस फक्त मान डोलावतो, आणि डोलावणाऱ्या मानांवर बर्फ थांबत नाही. म्हणून ऊलकान आधी बोलली.

"पाहुण्यांचा शेवटचा दिवस. उत्तरेकडचं सगळं आकेंमुळे बंद ठेवलंय. काशका-बेल आपला सर्वांत गरीब उतार. तिथे हातभर खाली कच्चा थर असेल, तर बाकीच्यांचं बोलायलाच नको. उरलं कापचिगाय."

"कापचिगायवर दोन दिवस पश्चिमेचा वारा होता," कालमुर्झा म्हणाला.

"माहितीये. मलाही आवडत नाही. पण तिथे शंका आहे, काशका-बेलवर धोक्याची खात्री आहे. शंकेचा उतार घेऊ, कडेकडेने, एकेक जण." तिने चहाचा घोट घेतला. डोळ्यांखाली काळं झालं होतं. मार्च महिना होता आणि सगळ्यांच्याच डोळ्यांखाली काळं झालं होतं. "आता तुम्ही सांगा, आके."

बाहेर अंगणात नॉर्वेजियन स्कीचे बंद ठोकून बघत होते. दारात रिसबेक उभा होता. एरवी तो बैठकीला येत नसे. आज तो आदराने आला होता.

कालमुर्झाने पेला खाली ठेवला. कापचिगायची घळ त्याला डोळे मिटूनही दिसत होती: वाऱ्याने आणून थापलेला, वरून घट्ट आणि आतून पोकळ बर्फ, खाली कुठे पळायला जागा नाही.

"काशका-बेल चांगला आहे," तो म्हणाला.

"काय?"

"मी काल खणलं होतं. थर घट्ट होते. हातभरचं मी उगाच बोललो. गुडघा गेलाय माझा. डॉक्टरने सांगितलं ते सगळं खरं आहे."

रिसबेक हसला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "बघितलंस ऊलकान? आता मोठेपणाही नको म्हणतायत!"

ऊलकान हसली नाही. ती कालमुर्झाकडे बघत राहिली, सकाळी पहिल्यांदा एखाद्या उताराकडे बघावं तसं.

"उठून दाखवा," ती म्हणाली. "हात न टेकता."

"ऊलकान!" रिसबेक दारातून म्हणाला. "वडीलधाऱ्याशी काय ही..."

"आके, उठा."

कालमुर्झाने डावा पाय दुमडून अंगाखाली घेतला. दोन्ही हात मांड्यांवर ठेवले. पुढे झुकला. चेहरा लाल झाला, मग पांढरा झाला. गादीवरून तो वीतभर वर आला, तिथे थांबला, आणि त्याचा उजवा हात आपोआप जमिनीवर टेकला. तसाच हात टेकून तो बसून राहिला. किटलीतून वाफ येत होती. रिसबेकचं हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण त्याला आता तिथे काही काम नव्हतं.

"कधीपासून?" ऊलकानने विचारलं.

"नोव्हेंबर."

तिने मनातल्या मनात काहीतरी जुळवलं. मग हळूच म्हणाली, "या हिवाळ्यात तुम्ही नऊदा बसलात."

"हो."

ती उठली, खुंटीवरची वही काढली आणि त्याच्यासमोर येऊन बसली. या वहीत रोज कुठल्या उताराने काय केलं ते लिहिलेलं असे, आणि दुसऱ्या दिवशीचा निर्णय त्यावरून होत असे. दर हिवाळा आधीच्या पानांवर उभा राही. तिने पेन्सिल जिभेला लावली.

"बर्फाला फुली, गुडघ्याला गोल," ती म्हणाली. "एकेक सांगा. सव्वीस नोव्हेंबर."

"बर्फ."

"नऊ डिसेंबर."

"बर्फ. तिथे वारा होता, तुलाही आठवेल."

"एकवीस डिसेंबर."

"गुडघा."

"म्हणजे तो अख्खा आठवडा आपण उगाच पूर्वेला..."

"हो."

तिने गोल काढला. बाहेरून कुणीतरी इंग्रजीत हाक मारली, निघायचं का म्हणून. रिसबेक दार लोटून बाहेर गेला. तो त्यांना काय सांगत होता ते ऐकू आलं नाही, पण बराच वेळ सांगत होता.

"बारा जानेवारी," ऊलकान म्हणाली, आणि पेन्सिल आधीच कागदावर टेकवून तिने फुलीची पहिली रेघ ओढली. विचारण्यासारखं काही नव्हतंच. शिलबिलीच्या चढावर कालमुर्झा बसला, ऊलकान आणि सात पाहुणे मागे फिरले, आणि ते खाली चहा पीत असताना अख्खा उतार एकदम सुटून झाडं मोडत ओढ्यापर्यंत आला. त्या दिवशी सर्वांत पुढे ऊलकान जायची होती. त्या आठवड्यात तिच्या आईने कालमुर्झाच्या घरी एक मेंढी पाठवली होती.

कालमुर्झाने तिच्या पेन्सिलीवर बोट ठेवलं.

पेन्सिल कागदावर तशीच राहिली. ऊलकानने मान वर केली.

"आके?"

"गुडघा," तो म्हणाला.

"आणि बर्फ?"

"बर्फ मला चांगला दिसला होता. मी खणलंही होतं. गुडघा धरला नसता तर मी तुला वर पाठवलं असतं."

ऊलकानने ती एक रेघ पाहिली. ती खोडली नाही. तिच्याभोवती गोल काढला. वही मिटली आणि फळ्याकडे पाहिलं. काशका-बेल: बंद, हे तिने अजून पुसलेलं नव्हतं. ती पुसायला उठली, अर्ध्यात थांबली, आणि फळ्याऐवजी भिंतीला टेकवलेलं फावडं उचललं.

"काशका-बेलला जाऊन येते," ती म्हणाली. "पाहुण्यांना तासभर थांबवा. कापचिगाय नको, ते ठरलं."

ती दारापर्यंत पोचली तेव्हा मागून त्याचा आवाज आला.

"दोन ठिकाणी खण," कालमुर्झा म्हणाला. "मी खणलं होतं तिथे नको."